कडूबामामाचा फोन

रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा शेडमध्ये पावसाची बारीक सर पडल्यासारखा आवाज येत असतो, दिवसभर, न थांबता. राजनंदिनीला तो इतका सवयीचा झाला होता की परीक्षेसाठी जालन्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहिली तेव्हा तिला शांततेनंच झोप लागली नाही. परत आली, दारात चपला काढल्या, चुन्यात पाय बुडवले, दार लोटलं आणि आत काहीच ऐकू आलं नाही.

ती परवाची गोष्ट. आज ती रॅकवरचा मेलेला माल घमेल्यात ओढत होती आणि तुतीच्या पलीकडं खणलेल्या खड्ड्यात नेऊन टाकत होती. चौथी कात टाकून झालेल्या, आठवडाभरात कोष बांधायला लागल्या असत्या अशा बोटाएवढ्या अळ्या. आता आखडून काळपट पडल्या होत्या, तोंडाशी हिरवं पाणी. पाल्यावर औषध उडालं की असंच होतं, हे तिला प्रशिक्षणात फोटोत दाखवलं होतं. फोटोत एकच अळी होती. आपल्याला रडू येत नाही, याचाच तिला राग येत होता.

गेल्या दिवाळीत राधेश्यामकाकांनी हसनाबादचं स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला होता, तीच तर पंचाईत होती. नाव ठेवायला जागा नव्हती. तेव्हा ती रामरावांना म्हणाली होती, "मला एक वर्ष द्या बाबा. रेशमाचं चाललं तर मी इथंच राहीन, लग्नाचं पुढं बघू. एक जरी बॅच वाया गेली, तर तुम्ही म्हणाल तिथं हळद लावून घेईन." रामराव हसले होते. पोरीनं पैज लावली तीही किड्यांच्या भरवशावर! पण त्यांनी शब्द दिला, आणि पहिल्या बॅचचे कोष निघाले तेव्हा मूठभर कोष खिशात घालून गावभर दाखवत फिरले.

तुतीच्या बांधाला लागून कडूबामामाची कपाशी. कपाशी म्हटली की फवारणी आली. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलं होतं: फवारायच्या आदल्या दिवशी मामानं फोन करायचा, मग इकडं पाला आधीच कापून ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि बांधाकडच्या ओळींना काही दिवस हात लावायचा नाही. मामाला वाचता येत नव्हतं. राजनंदिनीनंच त्याच्या बटणांच्या फोनमध्ये दोनच्या बटणावर थोरल्या भावाचा, पप्पूचा नंबर बसवून दिला होता. स्वतःचा का नाही? कारण ती शेडमध्ये जाताना फोन बाहेर ठेवायची. बाबांचा फोन बंडीच्या खिशात, बंडी खुंटीला. पण पप्पूदादाच्या हातात फोन कायमच असतो, असं तिनं तेव्हा हसत हसत मामाला सांगितलं होतं. ते हसणं आता तिला आठवत होतं.

रस्त्यावर मोटारसायकल थांबली. राधेश्यामकाका जाफराबादहून आले होते. काका आले की घरात काहीतरी ठरतं, हे लहानपणापासूनचं. तिनं घमेलं खाली ठेवलं.

*

पुष्पाबाई चहाचं आधण ठेवून उभ्या होत्या. पप्पू दारापाशी बसला होता, भिंतीला टेकून, फोन मांडीवर पालथा. चोवीस वर्षांचा मुलगा, पण असा बसला की त्यांना तो शाळेतून मार खाऊन आल्यासारखा दिसे.

"काकांनी कडूबादादाला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "जल्दी येईल तो. खरं सांग पप्पू. आमी घनसावंगीला लग्नाला गेल्तो त्या दिवशी दादाचा फोन आल्ता?"

"न्हाई माय."

"बघ बरं."

"फोन वाजलाच न्हाई. देवाशप्पथ."

पोराचं बोलणं खोटं नव्हतं. पण तांदळात खडा असावा तसं त्यात काहीतरी होतं, आणि पुष्पाबाईंच्या दाताखाली ते बरोबर आलं. हे पोर खरं बोलताना असं जमिनीकडं बघत नाही.

त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच नाही विचारलं. पोलीस भरतीच्या मैदानावर पप्पू पोचलाच नाही, कारण तो पहाटेपर्यंत फोनवर खेळत होता आणि दिवस वर आला तरी झोपला होता. तेव्हा "त्याला ताप आल्ता" असं रामरावांना त्यांनीच सांगितलं. जेवणाचं ताट त्याच्या खोलीत त्याच नेऊन ठेवत. पोरगा दारू पीत नाही, कुठं जात नाही, डोळ्यासमोर असतो. आईला अजून काय पाहिजे? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ आतून घामेजली होती.

आणि दुसरीकडं कडूबादादा. पुष्पाबाईंना सख्खा भाऊ नव्हता. कडूबा त्यांच्याच माहेरचा; इथं शेती घेऊन आला त्या वर्षीपासून दर भाऊबीजेला त्यांच्या पाटावर बसत आला होता.

"मंग तसंच सांग," त्या पप्पूला म्हणाल्या. "फोन वाजला न्हाई, इतकंच सांग. जास्तीचं बोलू नको."

पप्पूनं वर बघितलं. आईनं नजर चहाकडं वळवली.

*

घरापुढच्या पत्र्याखाली सतरंजी टाकली होती. दिवस कलला होता, पण उजेड होता. कडूबा गुडघा धरत बसला. चहाला हात लावला नाही.

"मी लावला की फोन," तो म्हणाला. "दोनाचं बटन दाबून धरलं, बराबर. एकदा वाजला नि ती बाई बोलायला लागली. म्हटलं बोलत असंल कुणाशी. मंग पुन्यांदा लावला. तसंच. सकाळी फवारणीवाली पोरं दारात उभी. त्ये आज गेली तर मंग आठ दिस येत न्हाईत. तरी मी पुन्हा लावला."

"मंग चालत काहून न्हाई आला?" राधेश्यामकाकांनी विचारलं. "बांधापलीकडं तर घर."

"हे बराबर बोललास," कडूबा म्हणाला. "यायला पायजे व्हतं. गुडघा लय दुखून राह्यला होता, पण त्ये कारण न्हाई. एवढं चुकलंच माझं."

माणूस आपली चूक इतकी सहज कबूल करतो तेव्हा समोरच्याची पंचाईत होते. काकांनी पप्पूकडं बघितलं. ते वाईट नव्हते. जाफराबादला त्यांचं कृषी सेवा केंद्र, स्वतःला मूल नाही, पप्पूवर जीव. तो महागाचा फोनही बारावी झाल्यावर त्यांनीच त्याला घेऊन दिलेला. पप्पू चुकला म्हटलं की थोडं आपल्याही अंगावर येतं, हे त्यांना न सांगता कळत होतं.

"पप्पू, तू सांग."

"फोन वाजला न्हाई," पप्पू म्हणाला.

"दादा, तू पाला कुठून कापला?" राजनंदिनी खांबाला टेकून उभी होती. "बांधाकडच्या ओळी कापल्यास. वास न्हाई आला तुला?"

"कानात हे होतं." त्यानं गळ्यातली वायर दाखवली. "घाईत होतो."

"कशाची घाई?"

"नंदे, मोठ्या भावाला असं विचारते का?" पुष्पाबाई आतून म्हणाल्या.

राजनंदिनीनं आईकडं बघितलं. मग बापाकडं. रामराव सतरंजीचा दोरा ओढत होते.

रामरावांना काय वाटत होतं? घनसावंगीहून निघताना त्यांनीही पप्पूला फोन केला होता. त्यांचा वाजला होता. वाजत राहिला होता, कापला गेला होता, पुन्हा लावल्यावर पप्पू "खेळतोय बाबा, नंतर" म्हणाला होता. एवढं माहीत असलेल्या माणसाला बाकीचं कळायला वेळ लागत नाही. पण चूक कडूबाची निघाली तर काय करायचं, हे रामरावांना ठाऊक होतं. पोराची निघाली तर काय करायचं, हे ठाऊक नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. शेजाऱ्याशी वाकडं आलं तर बांधाला काटेरी कुंपण पडतं. पोराशी आलं तर कुंपण कुठं घालायचं?

"दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलून राह्यलंय," काका म्हणाले. "आपल्यात रीत आहे. नंदा, देवाऱ्यातून बेल-भंडारा आण. कडूबा, उचल, म्हण मी फोन लावला. मंग पप्पू उचलील. खंडोबा बघून घेईल."

राजनंदिनी ताडकन आत गेली. तिला वाटलं, आता निकाल लागेल. ताटलीत बेलाचं पान आणि हळदीची पूड घेऊन ती बाहेर आली. एकच गोष्ट तिला बाहेर यायला हवी होती. मामानं सांगायचं ते सांगितलं असेल, तर ठरलेली रीत बरोबर होती, शेड बरोबर होतं; चुकलं ते एका माणसाचं. माणूस सुधारतो, नाहीतर त्याच्या जागी दुसरा नंबर बसवता येतो. पण मामाच विसरला असेल, तर इतक्या कपाशीत तुती कधीच टिकायची नाही, आणि तिचं वर्ष संपलं.

कडूबानं ताटलीकडं हात नेला. नेता नेता पप्पूकडं बघितलं.

पप्पूचा चेहरा पांढरा पडला होता. तो ताटलीकडं बघत होता, विंचवाकडं बघावं तसा.

कडूबाचा हात तिथंच थांबला. या पोराला त्यानं खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलं होतं. त्यानं ताटली अलगद मागं सारली.

"मी उचलत न्हाई."

"काहून?"

"मी उचलला तर मंग त्येला उचलावं लागंल. कोवळं पोर हाय. देवाच्या नावाचं काही व्हायला नको." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "लिहा माझ्याच नावावर. मीच इसरलो म्हणा. दाजी, येतो."

"मामा, थांबा ना," राजनंदिनी म्हणाली. "असं नका करू. मामा!"

"जाऊ दे माय," तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, आणि चपला घालून बांधाच्या वाटेला लागला.

सुंठीवाचून खोकला गेला, असं राधेश्यामकाकांना वाटलं असणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कुणाच्याच नव्हता. पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला होता.

"झालं मंग," काका म्हणाले. "राम, तो माणूस भरवशाचा राह्यला न्हाई, आणि चारी बाजूंनी कपाशी. ह्या धंद्याला इथं अर्थ न्हाई. पोरीनंच शब्द दिल्ता. हसनाबादवाले अजून थांबलेत. काय म्हणतो?"

रामरावांनी लेकीकडं बघितलं. तिनं काहीतरी म्हणावं, भांडावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे त्यांना हरता आलं असतं.

"माझा शब्द होता," राजनंदिनी म्हणाली. "मी फिरवत न्हाई. मामा खोटारडे न्हाईत, एवढं मात्र मी मरेपर्यंत म्हणीन."

"लाव फोन," रामराव म्हणाले.

*

काकांनी नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. रिंग वाजली.

आता बोल, पप्पू स्वतःला म्हणाला.

कपाशीला पहिलं पाणी चालू होतं तेव्हाची ती गोष्ट. मामाचा रोज फोन यायचा, "पप्पू, लाईट आली का रे?" विजेची डीपी दोन्ही शेतांना एकच, आणि लाईट आल्याचं सांगणारा मोटारीच्या पेटीवरचा तांबडा दिवा इकडच्या भिंतीला. साधी विचारणा. पण ती नेमकी खेळ रंगात असताना यायची. फोन आला की पडदा अडकायचा, पप्पूचा गडी उघड्यावर मरायचा आणि नागपूरची, पाटण्याची, कुठकुठची पोरं कानात शिव्या द्यायची. एका दुपारी त्यानं मामाचा नंबर ब्लॉक केला. आजच्या दिवसापुरता. उद्या काढतो म्हणाला, आणि विसरला. नाही, विसरला नव्हता. फोन यायचा बंद झाला ते त्याला बरं वाटलं होतं. त्यानंतरची पहिलीच फवारणी ही.

त्या खेळात कुणी "वाचव" म्हणालं की पप्पू जिवाची पर्वा न करता धावायचा. त्याला तिथं सगळे लीडर म्हणत. तोंड न पाहिलेल्या पोरांच्या हाकेला त्यानं कधी उशीर केला नव्हता. भरती हुकल्यानंतर गावात त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, असं त्याला वाटे. एक म्हातारा रोज हाक मारत होता, तीच तेवढी त्यानं बंद केली.

आता बोल. खेळातल्या गड्यासारखी ताई समोर पडलीय. तो तिला लहानपणी ताईच म्हणायचा, ती धाकटी असूनही.

"हां, बोला राधेश्यामराव!" पहिल्याच रिंगला तिकडून उचललं होतं. किती आनंदानं उचललं होतं!

"आमच्याकडून होकार आहे," काका म्हणाले.

तिकडं आवाज वाढला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, बायकांचं हसणं ऐकू आलं. रविवारी येतो म्हणाले. काका "या, या" म्हणाले. फोन बंद झाला.

"मी मामाचा नंबर ब्लॉक केल्ता," पप्पू म्हणाला.

कुणालाच कळलं नाही. मग राजनंदिनीला कळलं.

"कधी?"

"लय दिवस झाले. लाईटीचं विचारायचे म्हणून. त्यांनी लावला असंल त्या दिवशी. मला वाजलाच न्हाई. मामाची चूक न्हाई काका. माझी आहे. शेडची बी न्हाई. तुमी पुन्हा फोन लावा, त्यांना न्हाई म्हणून सांगा."

"गाढवा!" काका उठले. त्यांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "आत्ता सांगतो? मी फोन लावायच्या आधी तोंडात काय होतं तुझ्या? शब्द गेला ना आता! तिकडं साखर वाटून राह्यले असतील लोक."

"बाबा, तुमी लावा," पप्पू म्हणाला. तो आता रडत होता. "माझ्यापायी तिचं नका करू."

रामरावांचा हात भावाच्या फोनकडं गेला. खरोखर गेला. पण घेतला नाही. दिलेला शब्द घटकेत परत घ्यायचा, आणि कारण काय सांगायचं? आमचा पोरगा खेळत होता? त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तेवढ्यात ते म्हातारे दिसायला लागले.

"मला कळलं होतं पप्पू," ते म्हणाले. "मला आधीच कळलं होतं."

"मला बी," पुष्पाबाई म्हणाल्या आणि हुंदका देऊन आत गेल्या.

म्हणजे आईबापांनाही ठाऊक होतं. एका म्हाताऱ्यानं ते पोटात घालून घरची वाट धरली, तेव्हा सगळे बघत बसले होते. राजनंदिनीनं एकेकाकडं पाहिलं आणि तिला प्रथमच वाटलं, या घरातून गेलेलं बरं. त्या वाटण्याचं तिला लग्नापेक्षा, शेडपेक्षा, सगळ्यांपेक्षा जास्त दुःख झालं.

"मी सोडतो नंदे," पप्पू म्हणाला. "आजपासून हात लावत न्हाई. बिलकुल."

"असं म्हणू नको," ती म्हणाली. "भरतीच्या वेळी बी म्हणला होता. आधी मामाचा नंबर मोकळा कर. माझ्यासमोर कर."

त्यानं डोळे पुसले, फोन सुलटा केला. कितीतरी दिवस अडकवलेलं एक नाव, एका दाबात सुटलं. इतकं सोपं होतं ते.

रामराव उठले. कुणाशी न बोलता, पायात पप्पूच्याच चपला अडकवून, बांधाच्या वाटेनं गेले. काकांनी गाडी काढली, लावली, पुन्हा येऊन सतरंजीवर बसले. राजनंदिनी घमेलं उचलून खड्ड्याकडं गेली.

पप्पू मोटारीच्या पेटीखाली उभा राहिला. सूर्य खाली गेला होता, पण बांध दिसत होता. कपाशीच्या कडेला दोघंजण उभे होते. बाबा पाठमोरे, मान खाली. मामा काहीतरी बोलला. मग त्यानं खिशात हात घातला, फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि एक बटण दाबून धरलं.

पप्पूच्या हातात फोन वाजला. एक रिंग पूर्ण वाजली.

"हॅलो."

"पप्पू," कडूबामामा म्हणाला, "लाईट आली का रे?"

पप्पूनं वर बघितलं. दिवा विझलेला होता. मामा तिकडं थांबून राहिला, फोन कानाला लावून.

"न्हाई आली, मामा."

"आली की सांग."

"सांगतो."

"आणि नंदाला सांग. लग्नात तिच्यामागं मामा म्हणून मी उभा राहीन. गुडघा दुखला तरी."

फोन बंद झाला. पप्पू तुतीतून चालत खड्ड्यापाशी आला. राजनंदिनीनं शेवटचं घमेलं रितं केलं होतं, वरून चुना टाकला होता. फावडं हातात घेऊन ती उभी होती.

"कुणाचा होता?"

"मामाचा. लग्नात तुझ्यामागं उभे राहणार म्हणले."

वाऱ्यानं चुना थोडा उडाला.

"पहिल्या रिंगला उचलला?"

"उचलला."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि खड्ड्यावर माती ओढायला लागली.